मोबाईलचं नेट राउटरला दिलं, पण अर्ध्या घराला नेट मिळतंय आणि अर्ध्याला प्रिंटर. काय चुकतंय?

प्रश्न

नमस्कार मंडळी, आमचं केबलचं नेट बंद झालंय आणि ते परत येईपर्यंत मोबाईल डेटावरच घर चालवायचंय. राउटर आधीचाच आहे, त्यावर प्रिंटर, टीव्ही आणि फोटोंची नेटवर्क हार्डडिस्क आहे. आधी नुसतं फोनचं हॉटस्पॉट सगळ्यांना देऊन बघितलं, पण मग प्रिंटर आणि हार्डडिस्क कुणालाच दिसेना, आणि मी फोन घेऊन बाहेर पडले की घरातलं सगळंच बंद. म्हणून आता एक जुना फोन आणि वेगळं सिम त्यासाठीच ठेवलंय, लॅपटॉप त्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडलाय, विंडोजमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंग चालू केलंय आणि लॅपटॉपमधून नेटवर्क केबल काढून राउटरच्या मागच्या चार पोर्टांपैकी एकात लावलीये. आता होतंय असं की मुलीच्या टॅबवर नेट चालतं पण प्रिंट निघत नाही, आणि माझ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट निघते पण नेट नाही. राउटर बंद-चालू केला की कधी कधी बरोबर उलटं होतं. टॅबवर आयपी (नेटवर्कमधला पत्ता) १९२.१६८.१३७.६० दिसतो आणि कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.२३. मुलीचा क्लास रोज असतो त्यामुळे खरंच लवकर काहीतरी सुचवा.

उत्तर १

ताई, आयपी लिहिलेत हे फार बरं केलंत, सगळं त्यातच आहे. तुमच्या घरात आत्ता पत्ते वाटणारे दोघं झालेत. राउटरचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, १९२.१६८.१.क्ष वाटतोय आणि विंडोजचं शेअरिंग चालू केलं की लॅपटॉप स्वतः १९२.१६८.१३७.१ होऊन बसतो आणि तोही त्याच वायरीवर आपले पत्ते वाटायला लागतो. टॅब चालू झाला की तो सगळ्यांना विचारतो, मला पत्ता कोण देतं, आणि ज्याचं उत्तर आधी येईल तो साधारण घेतो. लॅपटॉपकडून मिळाला तर बाहेरचा रस्ता मिळतो पण प्रिंटर दुसऱ्या पट्ट्यात राहतो, राउटरकडून मिळाला तर प्रिंटर दिसतो पण राउटरला स्वतःलाच बाहेरचा रस्ता माहीत नाही. म्हणून रीस्टार्ट केल्यावर उलटसुलट होतंय.

केबल त्या चार पोर्टांतून काढा आणि वेगळ्या रंगाचा जो एकटा पोर्ट असतो, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेला, त्यात लावा. बाकी काही हलवू नका. मग राउटरच्या दृष्टीने लॅपटॉप म्हणजे नेट देणारी कंपनी, आणि घरात पत्ते फक्त राउटर वाटेल. फोन, लॅपटॉप, सिम काहीही उद्या बदललं तरी प्रिंटर आणि हार्डडिस्क जागच्या जागी राहतील. माझं आग्रहाने सांगणं आहे की घरचं नेटवर्क राउटरचंच असू द्या, मोबाईल फक्त दाराबाहेरचा रस्ता.

प्रश्नकर्ती

केबल वॅनमध्ये लावली, तरी आधी नेट येईना. मग राउटरच्या पानावर बघितलं तर वॅनला जुन्या कंपनीचं युजरनेम पासवर्डवालं पीपीपीओई तसंच होतं, ते काढून डायनॅमिक आयपी (पत्ता आपोआप घेणारा पर्याय) केलं आणि लगेच वॅनला १९२.१६८.१३७ वाला पत्ता आला. टॅब, टीव्ही, प्रिंटर सगळं एकदम चालू! मनापासून आभार. आता अडचण एवढीच की लॅपटॉप झोपला की घर झोपतं, आणि विंडोज रीस्टार्ट झालं की शेअरिंग परत काढून लावावं लागतं. राउटरला यूएसबी पोर्ट आहे, फोन त्यात लावून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट वायरीतून देणं) करायला गेले तर फोनमध्ये तो पर्याय करडाच राहतो.

उत्तर २

बऱ्याच राउटरचा यूएसबी पोर्ट फक्त पेनड्राइव्ह आणि प्रिंटरसाठी असतो. अँड्रॉइड फोन टेदरिंगमध्ये बहुतेक आरएनडीआयएस पद्धतीने बोलतो, काही नवे फोन एनसीएमने, आणि समोरच्या राउटरमध्ये त्याचा ड्रायव्हर नसेल तर त्याला फोन हे नेटवर्क कार्ड आहे हे कळत नाही. राउटरच्या मेनूत यूएसबी मोडेम किंवा मोबाईल टेदरिंग असं काही आहे का बघा. नसेल आणि तुमचं मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरवर टाकायचं मोफत फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर) यादीत असेल तर ते टाकून केमॉड-यूएसबी-नेट-आरएनडीआयएस हे पॅकेज घातलं की फोन यूएसबी० नावाने दिसतो, त्यावर डीएचसीपी क्लायंट लावायचा आणि तो इंटरफेस वॅनच्या फायरवॉल झोनमध्ये टाकायचा. पण पॅकेज उतरवायलाच नेट लागतं, तेव्हा आधी लॅपटॉपवरून वॅनला नेट द्या, मग हे करा. आणि मॉडेलचा हार्डवेअर व्हर्जन स्टिकरवर बघितल्याशिवाय फर्मवेअर टाकू नका, एकाच नावाच्या राउटरची आतली चिप वेगळी निघते.

एवढं नको असेल तर राउटरमध्ये विस्प मोड आहे का बघा. त्यात राउटर स्वतः फोनच्या हॉटस्पॉटला वाय-फायने जोडतो आणि तेच वॅन समजतो. रिपीटर मोड घेऊ नका, त्यात पत्ते परत फोनच वाटायला लागेल. ड्युअल बँड राउटर असेल तर फोनकडून ५ गिगाहर्ट्झवर घ्या आणि घरात २.४ वर द्या, कारण एकाच रेडिओवरून घेणं आणि देणं दोन्ही केलं तर वेग साधारण निम्मा होतो. हॉटस्पॉटमध्ये 'कुणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद' असा पर्याय असतो तो आधी काढा, नाहीतर एकदा वीज गेली की राउटर परत चालू होईपर्यंत फोनने हॉटस्पॉट बंद केलेलं असतं आणि तुम्ही राउटरला दोष देत बसाल.

उत्तर ३

वरचं सगळं बरोबर आहे पण मी वर्षभर फोनवरच घर चालवलंय त्यामुळे कळकळीने सांगतो, फोन चोवीस तास चार्जिंगवर आणि हॉटस्पॉटवर ठेवायला बनवलेला नाही. माझ्या फोनची बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललं गेलं होतं. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असेल तर लावा, फोनला बाहेरून घातलेलं कव्हर काढा, उन्हात ठेवू नका. यूएसबीवरून टेदरिंग करणार असाल तर यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच देतो, फोन त्याहून जास्त खात असेल तर लावलेला असूनही हळूहळू उतरतो.

महिन्या-दोन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर सिम घालायचा ४जी राउटर घ्या आणि त्याची केबल याच वॅनमध्ये लावा, घरात दुसरं काहीच बदलावं लागणार नाही. फोन असो की ४जी राउटर, तो खिडकीशी ठेवा; ४जी राउटर असेल तर तिथून नेटवर्क केबल आत आणा, ती १०० मीटरपर्यंत चालते. अँटेनाची वायर लांबवू नका, तिच्यात सिग्नल मरतो. जागा ठरवताना कांड्या बघू नका, आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरच्या सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा. उणे ८०-९० च्या आसपास छान, उणे ११० च्या खाली गेला की रडारड सुरू.

आणखी एक प्रश्न

मध्येच विचारतो, माझंही असंच सेटअप आहे, घरातलं सगळं चालतं पण बाहेरून घरचा कॅमेरा बघता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती राउटरमधून कॅमेऱ्याकडे पाठवायची सेटिंग) दोनदा तपासलं.

उत्तर १

दादा, तुमच्या फोनलाच मोबाईल कंपनीकडून मिळालेला पत्ता बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कुठला असेल किंवा १० ने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे तिथे एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहक वापरतात. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून येणारी विनंती कंपनीच्या दारातच थांबते. त्यामुळे जोडणी घरातून बाहेर जाणारी हवी. कॅमेरा बनवणाऱ्यांचं क्लाउड ॲप किंवा वायरगार्डवर चालणारं टेलस्केल वगैरे (आपल्या यंत्रांना नेटवरून खासगीपणे जोडणारं व्हीपीएन ॲप) वापरा, त्यांना पोर्ट उघडावा लागत नाही.

प्रश्नकर्ती

विस्प मोड निघाला राउटरमध्ये! तीन दिवस झाले, लॅपटॉप मोकळा झाला. फोन आतल्या खोलीत उणे १०८ दाखवत होता, खिडकीशी सावलीत ठेवल्यावर उणे ९३, क्लास एकदाही अडकला नाही. पण पहिल्याच रात्री डेटा धडाधड संपला. टॅबला हा मोबाईल डेटा आहे हे कळतच नाही, कारण त्याला दिसतो फक्त घरचा राउटर, त्यामुळे फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट सगळे सुटले. आता प्रत्येक यंत्रावर या वाय-फायला मीटर्ड (मोजका डेटा असलेलं) केलंय आणि टीव्हीची क्वालिटी ४८० वर आणलीये, पण टीव्हीत मीटर्डचा पर्याय कुठेच सापडत नाहीये. तो राउटरमधूनच अडवता येतो का?

उत्तर २

राउटरच्या क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोलमध्ये टीव्हीच्या मॅक ॲड्रेसला (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) २ एमबीपीएसची मर्यादा लावा. ४८० ला तेवढं पुरतं, आणि टीव्ही स्वतःहून वर जायला बघेल तेव्हा त्याला जागाच मिळणार नाही. अपडेट तरी येतच राहतील, ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑटो अपडेट बंद करूनच थांबतील.