लांबलचक इंग्रजी विशेषणं: घोकायची की फोडायची?

सातारकर_जीवशास्त्र:
आमच्या वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. अकरावीत इन्टरकोस्टल, सबक्युटेनिअस, इन्ट्रामस्क्युलर असे शब्द एकदम अंगावर येतात आणि पोरं घोकंपट्टी सुरू करतात. माझं ठाम मत आहे की पहिला आठवडा धडा बाजूला ठेवून लॅटिन मुळं शिकवावीत. इन्टर म्हणजे मध्ये, इन्ट्रा म्हणजे आत, सब म्हणजे खाली, कोस्टा म्हणजे बरगडी, क्यूटिस म्हणजे कातडी. मग इन्टरकोस्टल स्नायू कुठले, हे वेगळं सांगावं लागत नाही. समासाचा विग्रह करणाऱ्या मुलांना हे जड नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या वायतुरा या वनस्पतीचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. शेवटचं ‘एन्सिस’ म्हणजे ‘त्या ठिकाणचा’. हे एकदा कळलं की अशी कितीतरी नावं उलगडतात.

सांगलीचा_पालक:
सर, हेतू चांगला आहे, पण वेळ कुठून आणायचा? मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. मुलगी सकाळी कॉलेज, दुपारी क्लास करून घरी येते तेव्हा तिच्यात त्राण नसतं. आणि मुळं दरवेळी वाट दाखवतातच असं नाही. मसलचं मूळ ‘मस्क्युलस’, म्हणजे छोटा उंदीर. त्यातून स्नायूबद्दल काय कळलं? इलिअम हे कंबरेच्या हाडाचा वरचा पसरट भागही आहे आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, उच्चार सारखाच. तिथे आकृती समोर ठेवून पाठच करावं लागतं.

मिरजेची_सिस्टर:
दादा, मी नर्सिंगला मराठी माध्यमातूनच आले. इन्सुलिन सबक्युटेनिअस, धनुर्वाताचं इंजेक्शन इन्ट्रामस्क्युलर, क्षयाची बीसीजी लस इन्ट्राडर्मल. सुई कातडीखाली, स्नायूत की कातडीतच, हे त्या शब्दातच लिहिलेलं आहे. नुसतं पाठ केलेलं रात्रपाळीत गडबडतं. आता कातडीला लॅटिनमध्ये क्यूटिस आणि ग्रीकमध्ये डर्मा, म्हणून दोन्ही भाषांची मुळं शिकवा. नुसती लॅटिन पुरणार नाहीत.

कराडची_इंग्रजीवाली:
एक गोष्ट सगळ्यांचीच राहिली. सिलॅबलची, म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांची फोड आणि अर्थाची फोड एकाच जागी पडत नाही. कासवरची ‘सीतेची आसवं’ ही फुलझाडं इन्सेक्टिव्होरस, म्हणजे कीटक खाणारी. बोलताना इन्-सेक्-टि-व्ह-रस असे पाच सिलॅबल, आघात ‘टि’वर. अर्थ लावताना मात्र ‘इन्सेक्ट’ आणि खाण्याचं ‘व्होर’ वेगळं काढायचं. नेमकं ते ‘व्होर’ उच्चारात मोडून जातं. मुलं टाळ्या वाजवत सिलॅबल मोजतात आणि त्यालाच मूळ समजतात. फळ्यावर दोन ओळी हव्यात, वर उच्चाराची, खाली अर्थाची.

सातारकर_जीवशास्त्र:
मॅडम, दोन ओळींचं पटलं. दादा, इलिअमला आकृती लागणारच, त्यावर वाद नाही. पण तेवढ्यासाठी इन्टर आणि इन्ट्रातला फरकही घोकायला लावणं मला मान्य नाही. पेशींच्या आत की पेशींच्या मध्ये, एवढ्यावर उत्तर चुकतं.

सांगलीचा_पालक:
इन्टर-इन्ट्रा जरूर शिकवा, तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं घ्या. आठवडाभर धडा थांबवायला माझा विरोध कायम आहे.