पीएमसीच्या पत्रात 'वी कन्कर' लिहिलंय, म्हणजे परमिशन दिली का?

मुलुंडची_कमिटी_मेंबर:
नमस्कार मंडळी, आमची सोसायटी मुलुंड ईस्टला, रिडेव्हलपमेंटचं चाललंय. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये बिल्डिंग सी-1, म्हणजे अतिधोकादायक, आलीये आणि आता पीएमसीचं, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटचं, पत्र आलंय त्यात 'वी कन्कर विथ द ऑडिटर्स फाइंडिंग्ज' असं एक वाक्य आहे. कमिटीतले दोघं म्हणतायत की झालं, पीएमसीने परवानगी दिली, एक काका म्हणतात कन्कर आणि कन्सेंट एकच. रविवारच्या मीटिंगआधी मला पत्राचा मराठी मजकूर ग्रुपवर टाकायचाय, निम्मे मेंबर सीनियर सिटिझन आहेत, काही चुकीचं गेलं तर उगाच घबराट होईल. नक्की अर्थ काय आणि मराठीत काय लिहू?

फोर्टातला_वकील:
ताई, परवानगी नाहीच ती. कन्कर म्हणजे आधी कोणीतरी मत दिलंय आणि तपासून पाहिल्यावर माझंही मत तेच आहे. कोर्टात रोजचा शब्द, बेंचवरचे एक जज निकाल लिहितात, दुसरे खाली 'आय कन्कर' म्हणून सही करतात. निकाल मान्य पण कारणं स्वतःची मांडायची असली तर वेगळं लिहितात, 2017 च्या प्रायव्हसीच्या केसमध्ये 9 जज होते, निकाल एकमताने लागला तरी जजमेंट्स 6 लिहिली गेली.
कन्सेंट मात्र ज्याचा हक्क आहे त्यानेच द्यायची. फ्लॅट मेंबरचा, म्हणून संमती मेंबरची, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या 2019 च्या जीआरप्रमाणे किमान 51 टक्के सभासदांची लागते. ती पीएमसी देऊच शकत नाही. त्या काकांना हे नीट समजावून सांगा प्लीज, कारण 'कन्सेंट झाली' असं एकदा ग्रुपवर फिरलं की मग निस्तरणं अवघड.

दादरच्या_बाई:
इंग्रजी शिकवते म्हणून थोडं व्याकरण. माणसाशी किंवा मताशी असेल तर कन्कर विथ, निर्णयात सहभागी असाल तर कन्कर इन, पुढे अख्खं वाक्य असेल तर कन्कर दॅट. 'आय अ‍ॅम कन्कर' मुलं फार लिहितात, 'आय अ‍ॅम अग्री' सारखंच चूक, क्रियापदच आहे ते, मध्ये अ‍ॅम नको. भूतकाळात आर दोनदा. मूळ लॅटिन, एकत्र धावणे, म्हणूनच घटनेतली कन्करंट लिस्ट म्हणजे समवर्ती सूची आणि दोन शिक्षा एकाच वेळी भोगायच्या असल्या की त्या कन्करंट. बोलताना जोर 'कर' वर द्यायचा. घरी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र सरळ अग्री म्हणा, कन्कर तिथे फार कडक वाटतो.

मंत्रालय_रिटायर्ड:
वकीलसाहेब, तुमचं पटलं पण कन्करन्स नेहमी नुसतं मतच असतं असं नाही हं. आमच्याकडे खर्चाची फाइल वित्त विभागाच्या कन्करन्सशिवाय पुढे सरकत नाही, जीआरच्या शेवटी 'वित्त विभागाच्या सहमतीने' छापलेलं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल, तिथे ती सहमती अडवूही शकते. 370 कलमात तर काही विषयांना राज्य सरकारचं कन्सल्टेशन पुरे होतं आणि काहींना कन्करन्स लागायचा, दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवले होते. त्यामुळे नियमाने ती सहमती आवश्यक केलीये का ते बघायचं.
ताई, मराठीत कन्करला सहमत, कन्सेंटला संमती, अप्रूव्हलला मंजुरी. तुम्ही लिहा, 'ऑडिटरच्या निष्कर्षांशी आम्ही सहमत आहोत.' मान्यता हा शब्द टाळा, लोक मंजुरीच समजतात.

फोर्टातला_वकील:
मंत्रालयवाले काका बरोबर, नियमातनं येणारी सहमती वेगळी. इथे मात्र पीएमसी सल्लागार आहे. पण हे वाक्य बिनकामाचं नाही हं ताई, कारण दोन ऑडिट रिपोर्ट एकमेकांविरुद्ध गेले तर प्रकरण महापालिकेच्या टॅककडे, म्हणजे तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं आणि मग त्यात वेळ जातो. इथे निदान ऑडिटर आणि पीएमसीचं मत एकच आहे.

मुलुंडची_कमिटी_मेंबर:
खूप आभार सगळ्यांचे, बाई तुमचेही. पत्र परत वाचलं, त्यात फक्त फाइंडिंग्जशी कन्कर आहे, ऑडिटरने शेवटी ज्या रेकमेंडेशन्स दिल्यात, प्रॉपिंग म्हणजे टेकू लावणं वगैरे, त्याबद्दल शब्द नाही. त्या पण धरायच्या का?

फोर्टातला_वकील:
नाही, लिहिलंय तेवढंच धरायचं. आजच मेल टाका पीएमसीला, रेकमेंडेशन्सशी सहमत आहात का ते लेखी मागा, आणि प्रॉपिंगसाठी मात्र त्या उत्तराची वाट बघू नका, बिल्डिंग सी-1 आहे, लोक राहतायत आत.