मदत हवी आहे: पेशंटच्या गरजेप्रमाणे नर्सेसच्या ड्युट्या कशा लावता?

मी 30 खाटांच्या मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे ड्युट्या लावताना फक्त डोकी मोजतात. उद्या डिस्चार्ज मिळणारा, स्वतः चालत बाथरूमला जाणारा पेशंट एक. आणि ट्रॅकिओस्टॉमीचा (श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेला), घडीघडी सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) लागणारा, दर दोन तासांनी कूस बदलावी लागणारा पेशंटही एकच! परवा रात्री सिस्टर अशाच एका पेशंटपाशी अडकली आणि बाकीच्यांची दोनची अँटिबायोटिक्स तीनला गेली. मला ते फार लागलं.

म्हणून पेशंटचे चार गट करतेय: स्वावलंबी, थोडी मदत लागणारे, पूर्ण अवलंबून असलेले, अतिगंभीर. प्रत्येक गटाला लागणारे नर्सिंगचे तास धरून बेरीज 8 ने (एका शिफ्टच्या तासांनी) भागायची. दिवसाला 120 तास निघाले तर तिन्ही शिफ्ट मिळून 15 जणी. सुट्ट्या, आजारपण धरायला 365 भागिले एकीचे प्रत्यक्ष कामाचे दिवस, तेवढ्या पटीत नेमणुका.

अडतंय ते गट पाडण्यात. तुम्ही ते दर शिफ्टला करता की दिवसातून एकदा? मध्येच पेशंट बिघडला तर? नवीन अ‍ॅडमिशन, नातेवाइकांशी बोलणं, नोंदी, यांचे तास कुठे धरता? कुणी तक्ता वापरत असाल तर निदान त्यातले रकाने सांगा. सोमवारी मॅट्रनना दाखवायचंय.