तिठ्यावरचा जुना खांब: गॅसचा की रॉकेलचा?

खाडीकाठ:
वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात तिठ्यावर एक जुना लोखंडी खांब आहे. त्यावर पूर्वी गॅसबत्ती लावत, असे माझे आजोबा सांगत. यावरून मुंबईप्रमाणे कोकणातही रस्त्यांवर गॅसचे दिवे होते, असे मानावे काय?

दर्यावर्दी:
मला ते संभवत नाही. रस्त्यावरचा गॅस म्हणजे बंद भट्टीत दगडी कोळसा तापवून काढलेला वायू. तो धुऊन, मोठ्या टाकीत साठवून, जमिनीखालच्या नळांतून प्रत्येक खांबापर्यंत न्यावा लागे. विल्यम मर्डॉक यांनी १७९२ च्या सुमारास असा दिवा घरात लावला, परंतु शहरभर नळ घालण्याचे काम लंडनमध्ये सुरू झाले ते १८१२ नंतर, सॅम्युएल क्लेग यांच्यासारख्या अभियंत्यांच्या हातून. अर्देशिर खरशेटजी वाडिया यांनी माझगावचा आपला बंगला १८३४ मध्येच गॅसने उजळला होता. तरी मुंबईच्या रस्त्यांना त्यासाठी १८६५ पर्यंत थांबावे लागले. मग एका तिठ्यासाठी गावात भट्टी कोण घालणार? खांब पोकळ आहे का, बुडाशी नळ शिरायला वाट आहे का, हे पाहावे. रॉकेलच्या दिव्याचे तेल दिव्यातच असल्याने त्याला साधा लाकडी खांबही पुरे.

खाडीकाठ:
आज ठोकून पाहिला. खांब भरीव आहे. म्हणजे आजोबांची चूक झाली म्हणायची.

कातरवात:
आजोबांचे काही चुकलेले नाही. आपल्याकडे पेट्रोमॅक्सलाच गॅसबत्ती म्हणत. दशावताराला आणि वरातीला तीच असे. तिच्या टाकीत पंपाने हवा भरली की रॉकेल वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि ती मँटलमध्ये, म्हणजे धातूंच्या क्षारांत भिजवलेल्या कापडी जाळीत, जळते. लख्ख प्रकाश ज्योतीचा नसतो, तापलेल्या जाळीचा असतो. ही जाळी कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये शोधली ती खऱ्या गॅसच्या दिव्यासाठी, आणि आपल्याकडे आली रॉकेलच्या पाठीवर बसून! तिच्यातील थोरियम या धातूसाठी लागणारी मोनाझाइट वाळू पुढे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून युरोपात जाऊ लागली, हेही गमतीचेच.

मात्र पेट्रोमॅक्सला दर काही तासांनी हवा भरावी लागते. त्यामुळे तिठ्यावर रोज साधा कंदील आणि जत्रेच्या रात्री गॅसबत्ती, असे असावे. खांबाच्या माथ्याशी जड दिवा पेलणारा आकडा आहे का, तेवढे पाहून कळवावे.