आमदाराकडे दाखला मागायचा नाही, तर कुणाकडे?

अनुराधा_ख

परवापासून एक पोस्ट फिरते आहे. सांगणं असं: आमदार कायदे करायला असतो, गटार आणि दाखले हे त्याचं काम नव्हे, लोक फालतू मागण्या घेऊन त्याच्या दारात बसतात म्हणून विधानसभेचा दर्जा घसरला. खाली "अगदी मनातलं बोललात" म्हणणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला प्रवेशासाठी नॉन-क्रिमीलेअर दाखला हवा होता. कागदपत्रं द्यायला चार दिवस उरलेले. अर्ज वेळेत केला होता, पावती हातात होती. सेतूत विचारलं तर "तहसीलला आहे", तहसीलला विचारलं तर "प्रांतांच्या लॉगिनला आहे". तिसऱ्या दिवशी माझा भाऊ आमदारांच्या ऑफिसात जाऊन बसला. तिथल्या मुलाने एक फोन केला. संध्याकाळी सहाला दाखला आला. यात फालतू काय होतं? मुलीचं वर्ष?

आणि "कायदे करायला पाठवलंय" म्हणे. १९८५ ला बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडून मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, तरी आमदारकी जाऊ शकते. मग एखाद्या विधेयकावर आमच्या आमदाराचं मत काय, हे मी विचारून करू काय? मी त्याला मत दिलं, त्याने ते पक्षाच्या हवाली केलं. सभागृहात तो पक्षाचा. तालुक्यात, फोनवर, लेटरहेडवर तेवढा माझा. मग मी तेवढंच मागणार. ज्यांना कधी तहसीलची पायरी चढावी लागत नाही, त्यांनी आम्हाला नागरिकशास्त्र शिकवू नये.

कोरा_कागद

ती पोस्ट माझी. "फालतू" हा शब्द मागे घेतो, बाकी एक अक्षरही नाही.

भाचीचं वर्ष वाचलं, बरं वाटलं. पण त्या दिवशी प्रांतांच्या त्याच लॉगिनला आणखी किती अर्ज पडून होते? ज्यांचा भाऊ ऑफिसात जाऊन बसू शकला नाही, त्या मुलींचं काय झालं? तुमचा अर्ज वर आला म्हणजे कुणाचा तरी खाली गेला. याला आपल्याकडे जुना शब्द आहे: वशिला.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. सेवेची मुदत ठरलेली, खात्यातच दोन अपिलं, तिसरं आयोगाकडे, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. हा कायदा कुठे झाला? विधिमंडळातच. तो नीट का चालत नाही, हा प्रश्न तुमच्या आमदाराने सभागृहात विचारला असता तर सगळ्यांचे दाखले हलले असते. त्याने फोन केला, एकीचा हलला. आणि तुम्ही त्या एका फोनवर खूश आहात, म्हणून तो पुढच्या वेळीही फोनच करणार.

अनुराधा_ख

अपिलाला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात प्रवेशाची फेरी संपते. हे माहीत असून कायद्याचं नाव पुढे करताय? दंड अधिकाऱ्याला होईलही कदाचित. मुलगी कुठे जाईल?

आणि "खूश" हा शब्द तुमचा. तिथे बसलेला माझा भाऊ शाळेत शिकवतो. अर्धा दिवस चपला काढून सतरंजीवर बसला होता. आल्यावर जेवला नाही. आम्हाला काय हौस आहे?

माजी_स्वीय

इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज लिहितो. सहा वर्षं एका आमदारांकडे स्वीय सहायक होतो. पक्ष, मतदारसंघ सांगत नाही.

सकाळी सातला अंगणात माणसं असायची. पेन्शन अडकलेली म्हातारी, बदली हवी असलेला तलाठी, मुलाला वसतिगृह, बांधावरून भांडणारे दोन भाऊ. साहेब प्रत्येकाला "बघतो" म्हणायचे आणि खरंच बघायचेही. दुपारी लग्नं, दहावे, नारळ फोडणं. रात्री अकराला गाडीत मी त्यांना दुसऱ्या दिवशीचे कागद दाखवायचो.

एका हिवाळी अधिवेशनाच्या आदल्या रात्रीची गोष्ट. पुरवणी मागण्यांचं, म्हणजे सरकारच्या जादा खर्चाचं, पुस्तक मांडीवर होतं. आमच्या भागातल्या रखडलेल्या पाणीयोजनेचा त्यात काहीच उल्लेख नव्हता. बोलायला जागा होती, मी मुद्दे काढून ठेवले होते. नागपूरच्या वाटेवर बारा फोन आले. एका गावच्या ट्रान्सफॉर्मरसाठीच तीन. मुद्दे वाचलेच गेले नाहीत. सकाळी सभागृहात गोंधळ झाला, मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. ती योजना पुढची दोन वर्षं तशीच राहिली. त्या योजनेवर अकरा गावं होती.

अनुराधाताई, तुमचा भाऊ चुकला असं मी म्हणणार नाही, आमच्याही ऑफिसात असे शेकडो भाऊ बसायचे. पण त्या गाडीत मी होतो.

नळपाणी

सगळे आमदाराला धरून बसलेत, मुळात हे काम नगरसेवकाचं आणि पंचायत समिती सदस्याचं! चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती वाचा. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायची असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदानाला २०२६ उजाडलं. मधली जवळजवळ चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका सरकारने नेमलेल्या प्रशासकांनी चालवली. पुणे, नागपूर, नाशिक, सगळीकडे तीच कथा. नगरसेवकच नव्हते तर गटाराचं रडगाणं माणूस कुणापुढे गाणार होता? राज्यपालांपुढे?

कोरा_कागद

ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, प्रभागरचना बदलत होती. निवडणूक कुणी मुद्दाम लांबवली असं सरसकट म्हणता येत नाही.

नळपाणी

येतं म्हणता. प्रभागरचना आपोआप बदलत नव्हती. सरकार बदललं की प्रभाग बदलायचे, सदस्यसंख्या बदलायची. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयालाच सांगावं लागलं की निवडणुका घ्या. आणि या सगळ्यात कुठल्या आमदाराने कळवळून आवाज उठवला? नगरसेवक नसले की कामांची यादी आमदाराच्या बंगल्यावर ठरते, बॅनरवर फोटो त्याचा एकट्याचा लागतो. आमच्या वॉर्डात साडेतीन वर्षं ड्रेनेजचं झाकण नव्हतं. माझी आई त्यात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉर्ड ऑफिसात गेलो तर "बजेट वरून येतं". वर कोण बसलंय हे सांगणारं माणूस नाही. निवडून दिलेला माणूस असता तर निदान त्याच्या दारात जाऊन ओरडलो असतो.

सह्यकडा

सरपंचाचंही बोला की कुणीतरी! २०१७ ला थेट जनतेतून, २०२० ला ते रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. गावाला विचारलं कुणी? आमच्याकडे सरपंच एका गटाचा, सदस्य दुसऱ्या गटाचे, अडीच वर्षं एक ठराव धड झाला नाही.

नळपाणी

तुमचा सरपंच निदान आहे तरी. आमच्याकडे कुणीच नव्हतं.

सह्यकडा

शहरात पाणी एक दिवस आलं नाही तर बातमी होते. आमच्या वाडीवर टँकर आठवड्याने येतो, त्याला निवडून दिलेला सरपंच असून उपयोग काय? जखमेला जखम लावून मोजू नका.

नळपाणी

आईच्या खुब्यावर तुम्ही मला मोजमाप शिकवणार?

धनंजय_मा

दोघंही थांबा, विषय हातचा जातोय. आईंना बरं वाटू दे.

अनुराधा यांच्या व्हीपच्या मुद्द्याला कुणी हातच लावलेला नाही, आणि तोच खरा आहे. फक्त अर्धा. दहाव्या अनुसूचीत व्हीप मोडणाऱ्याला पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर अपात्रता लागत नाही, तेव्हा दोरी पूर्णपणे पक्षनेत्याच्या हातात आहे, हे बरोबर. पण १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा टिकवताना म्हटलं होतं की असा बांधील व्हीप विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरता, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली तेवढ्यापुरता असावा. तसं होत नाही. कुठल्याही विधेयकाला व्हीप निघतो.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते तरी साधलं का? १९६७ ला हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तिथून "आयाराम गयाराम" आलं. कायदा केला, एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता नाही, ही पळवाट २००३ ला बंद केली. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ मध्ये दोन पक्ष फुटले आणि दोन्ही प्रकरणांत विधानसभा अध्यक्षांनी एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. एकट्याने विवेकाने विरोधी मत दिलं तर आमदारकी धोक्यात, घोळक्याने गेलं तर सुखरूप. मतदार या दोन्हीत कुठेच नाही.

पण माझा मतभेद इथे आहे. व्हीप मताला असतो, प्रश्नाला नसतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा या सभागृहात विषय मांडायच्या वाटा, त्यांत पक्ष सहसा आड येत नाही. "सभागृहात तो माझा नाही" हे हात वर करण्यापुरतं खरं. तोंड उघडण्यापुरतं नाही.

अनुराधा_ख

सत्ताधारी आमदार आपल्याच मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारतो? पुढच्या वेळी तिकीट कोण देतं त्याला?

धनंजय_मा

विचारणारे आहेत. कमी आहेत. आणि विरोधी बाकांवर कुणी अडवलेलं नाही.

गणपतराव देशमुखांचं उदाहरण घ्या. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, तेही शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षातून, बहुतेक काळ विरोधात बसून. तालुक्याच्या पाण्यासाठी सभागृहात आयुष्यभर बोलत राहिले आणि लोकांच्या कामांनाही नाही म्हटलं नाही. दोन्ही होतं.

माजी_स्वीय

गणपतराव एकच झाले. त्यांच्यावर व्यवस्था उभी करता येत नाही. आमच्या साहेबांनी पहिल्या टर्मला प्रश्नांचा सपाटा लावला होता. सभागृहात पहिल्या दहांत असतील. निवडणुकीत त्यातला एक प्रश्नही कुणी विचारला नाही. "आमच्या आत्याच्या मयताला आला नव्हता", हे मात्र तीन गावांत ऐकलं. थोडक्यात वाचले. दुसऱ्या टर्मला मयतं चुकवली नाहीत, प्रश्न चुकवले.

कोरा_कागद

हेच! हेच मी लिहिलं होतं आणि मला शहाजोग ठरवलं गेलं.

अनुराधा_ख

तुम्ही लिहिलं होतं की जनता नालायक आहे. ते लिहितायत की साहेब घाबरले. फरक आहे. मयताला आला नाही म्हणून राग येतो, कारण पाच वर्षांत तो दिसण्याची तेवढी एकच जागा असते. सभागृहात काय बोलला हे आम्हाला कोण सांगतं? त्याच्या कार्यअहवालात रस्त्यांचे फोटो असतात. त्याने विचारलेला एक प्रश्न, मिळालेलं एक उत्तर, कधी छापलेलं पाहिलंय?

माजी_स्वीय

नाही छापलं. अहवाल मीच करायचो. फोटो मीच निवडायचो. हे मान्य करावं लागेल.

कोरा_कागद

"नालायक" मी लिहिलं नव्हतं, पण सूर तसा लागला असेल. चपला काढून बसलेल्या माणसाबद्दल मी विचार केला नव्हता, एवढं कबूल. वशिला हा वशिलाच, यावर मात्र मी ठाम आहे. ज्या मुलीचा दाखला त्या दिवशी आला नाही तिला तुमच्याइतकंच रडू आलं असेल.

अनुराधा_ख

आलं असेल. ते मला रात्री आठवतं, तुम्ही सांगायची गरज नाही.

धनंजय, तुमच्या प्रश्नाच्या मुद्द्यापुरतं बोलायचं तर असा अर्ज नागरिकाला देता येतो का? म्हणजे आमदाराला नुसतं "काम करा" असं न लिहिता, "आमच्या उपविभागात मुदत उलटून गेलेले किती अर्ज पडून आहेत, किती अधिकाऱ्यांना दंड झाला, हे सभागृहात विचारा" असं लिहून द्यायचं?

धनंजय_मा

देता येतो. विचारायचं की नाही ते तो ठरवतो, त्याच्यावर बंधन नाही. पण प्रश्न तयार लिहून दिला तर ऑफिसातल्या मुलाचं काम वाचतं. स्वीय सहायक होते ते सांगतील.

माजी_स्वीय

खरं आहे. तयार प्रश्न आणणारा माणूस सहा वर्षांत मला दोनदा भेटला. दोन्ही प्रश्न गेले होते. एकाच वाक्यात लिहा, कालावधी घाला, उपविभागाचं नाव घाला, मतप्रदर्शन घालू नका. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या. आणि पोच घ्या.

नळपाणी

आणि झाकणाचा प्रश्न कुणाकडे लिहून द्यायचा ते अजून कुणीही सांगितलेलं नाही.

अनुराधा_ख

सोमवारी भावाला घेऊन जाते. या वेळी खुर्ची मागून बसणार.