भाव व्हॉल्यूममुळे वाढतो का?

धागाकर्ता: "आज खरेदी जास्त झाली, म्हणून शेअर वाढला," हे ऐकलं की राहवत नाही. व्हॉल्यूम म्हणजे दिवसभरात हात बदललेले एकूण शेअर. १०,००० शेअर घेतले गेले म्हणजे तेवढेच विकलेही गेले. मग खरेदी जास्त कशी? भाव हलवते ती घाई. समजा, विक्रीला १०० रुपयांना २००, १०१ ला ३०० आणि १०३ ला ५०० शेअर लागलेत. कुणी ६०० ची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने लगेच घ्या) टाकली, तर पहिल्या दोन रांगा संपून शेवटचे १०० शेअर १०३ ला मिळतात. भाव ३ टक्के वर, व्हॉल्यूम फक्त ६००. दुसऱ्या शेअरमध्ये १०० लाच ५०,००० विक्रीला असतील, तर १०,००० उचलले तरी भाव तिथेच.

प्रतिसाद १: हा शब्दांचा कीस झाला. महिनोन्महिने एका पट्ट्यात अडकलेला शेअर रोजच्या पाचपट व्हॉल्यूमने वर निघाला, तर मी त्यावर विश्वास ठेवतो. चिमूटभर व्हॉल्यूमवरची तेजी दोन-चार विकणारे आले की ढासळते. मी हे पैसे घालवून शिकलोय.

धागाकर्ता: ६ मे २०१० ला काही मिनिटांत कोसळलेला अमेरिकन बाजार आठवा. एका मोठ्या फंडाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला ७५,००० फ्यूचर्स (पुढच्या तारखेच्या सौद्याचे काँट्रॅक्ट) विकायचे होते. आधीच्या मिनिटाच्या व्हॉल्यूमच्या ९ टक्के विकत जा, एवढाच हुकूम. भावाकडे बघायचंच नाही. पडत्या बाजारात वेगवान ट्रेडर तेच काँट्रॅक्ट एकमेकांच्या गळ्यात मारू लागले. १४ सेकंदांत त्यांचे २७,००० काँट्रॅक्ट फिरले, पण निव्वळ खरेदी जेमतेम २०० ची. व्हॉल्यूम फुगला, म्हणून प्रोग्रॅम आणखी जोरात विकत सुटला. खरा घेणारा तर जागेवर नव्हताच. पाचपट व्हॉल्यूमवर भरवसा ठेवताना हे कसं विसरायचं?

प्रतिसाद २: उदाहरण चोख आहे, पण ते टोकाचं. मुळात त्या फंडाने ऑर्डर तुकड्यांत का विकली? मोठे फंड सहसा तसंच करतात. फक्त घाईच भाव हलवत असती, तर सगळा माल एकाच लिमिट ऑर्डरवर (ठरवलेल्या भावालाच विका) ठेवून निवांत बसता आलं असतं. तसं कुणी करत नाही, कारण विक्रीचा मोठा आकडा दिसला की घेणारे हात आखडतात आणि आपली बोली खाली नेतात. एकही सौदा न होता भाव घसरतो.

धागाकर्ता: हे मान्य. नुसत्या दिसण्यानेही भाव हलतो, हे मी धरलंच नव्हतं. पण मग तो परिणाम उभ्या, म्हणजे अजून सौदा न झालेल्या, ऑर्डरचा झाला. त्या दिवसाच्या व्हॉल्यूममध्ये तो माल कुठे दिसणार?