पहिली-दुसरीच्या मुलांना जॅझ झेपेल का?
वर एकांनी विचारलंय, शाळेच्या जॅझ आठवड्यात इतक्या लहान मुलांना काय कळणार? माझ्या मते हेच वय उत्तम! अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या लुई आर्मस्ट्राँग या नामवंत जॅझ वादकाला कॉर्नेटचे (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) रीतसर धडे मिळाले ते १९१३ मध्ये, सुधारगृहाच्या बँडमध्ये, पीटर डेव्हिस या शिक्षकांकडून. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता; मग आपण त्याहून लवकर का सुरू करू नये?

नुसती सॅक्सोफोनची चित्रं रंगवून घेऊ नका. बाईंनी चार मात्रांची ओळ गायची, वर्गानं उत्तर द्यायचं, मग एकेकानं मनानं ओळ रचायची. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या-तिसऱ्यावर पडली की सगळा झोकच जातो. लाजणाऱ्या मुलांना आधी फक्त ताल धरू द्या. आणि शेवटी रंगीत छत्र्या-रुमाल घेऊन न्यू ऑर्लिन्समधल्या सेकंड लाइनसारखी (बँडच्या मागून नाचत जाणारी मंडळी) मिरवणूक काढाच.